नौकेवरील रडारयंत्राची मांडणी व पारख

आपली झरी समुद्रापासून फार दूर. आपल्यापैकीं पुष्कळांनीं मोठें पाणी पाहिलें असेल तें येलदरीच्या जलाशयाचेंच. तरी ज्या यंत्राची हकीकत येथें सांगावयाची आहे, त्याचें तत्त्व आपल्या ओळखीचें आहे. एखाद्या उंच भिंतीपासून १७० मीटरांवर उभें राहून मोठ्यानें हांक मारावी. आवाज सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, म्हणून हांक भिंतीवर आपटून एका सेकंदानें परत येते. वेळ मोजली कीं अंतर कळलें. रडारयंत्र हेंच करितें. मात्र आवाजाऐवजीं तें रेडिओच्या लहरी सोडतें. त्या सेकंदास तीन लक्ष किलोमीटर धांवत असल्यामुळें १५० मीटरांवरील वस्तूवरून लहर परत येण्यास सेकंदाचा केवळ दहालक्षांश लागतो.

इंग्लंडांत फेब्रुवारी १९३५ मध्यें रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनीं रेडिओलहरींनीं विमानाचा ठाव लागतो हें दाखवून दिलें. दुसऱ्या महायुद्धानंतर हें यंत्र व्यापारी जहाजांवर आलें, आणि आतां तें लहानशा नौकेवरहि बसवितां येतें. परंतु यंत्र जवळ असलें म्हणजे धोका टळला असें नाहीं. २५ जुलै १९५६ च्या रात्रीं अटलांटिक महासागरांत ‘आंद्रेया दोरिया’ व ‘स्टॉकहोम’ हीं दोन जहाजें धुक्याच्या प्रदेशांत एकमेकांवर आदळून ५१ माणसें मेलीं. दोहोंवर रडार चालू होतें व दोघांनींहि एकमेकांस पडद्यावर पाहिलें होतें. स्टॉकहोमवरील अधिकाऱ्यानें पडद्याचा पल्ला चुकीचा धरला असावा, असें पुढें कित्येक जाणकारांचें मत झालें. आपल्या मुंबई बंदराच्या तोंडाशींहि ७ ऑगस्ट २०१० रोजीं ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, शेंकडों अवजड पेट्या पाण्यांत पडल्या आणि तेल सांडलें. त्या आकाराच्या जहाजांवर रडार असणें आंतरराष्ट्रीय नियमानेंच बंधनकारक आहे.

आतां मांडणी पाहूं. लहरी सोडणारा फिरता भाग डोलकाठीवर, सपाट व घट्ट बसवावा. पृथ्वी गोल असल्यानें उंचीवर पल्ला अवलंबून असतो: पाण्यापासून ४ मीटर उंचीवर बसविलेल्या यंत्राचें क्षितिज सुमारें साडेचार सागरी मैलांवर येतें. पण फार उंचीहि लहान नौकेस मानवत नाहीं, ती अधिक हेलकावे खाते. डोलकाठी किंवा धुराडें आड आल्यास त्या दिशेस छाया पडते. ती दिशा तांडेलास ठाऊक असली पाहिजे. माणसांच्या डोक्याच्या पातळीवर तो भाग नसावा, आणि दुरुस्तीकरितां वर चढण्याआधीं यंत्र बंद करावें.

यापुढचें काम पारखीचें, आणि तेंच पुष्कळ जण टाळतात. पहिली पारख अंतराची. नौका एखाद्या सरळ धक्क्याजवळून न्यावी. पडद्यावर धक्क्याची कड सरळ उमटली तर ठीक. मध्येंच फुगीर किंवा खोलगट दिसली तर यंत्र वेळ मोजण्यास उशिरां अथवा लवकर आरंभ करितें असें समजावें. असें कां होतें हें गणिताच्या वहींत काढून पाहण्याजोगें आहे. धक्क्याचा सर्वांत जवळचा बिंदु ४० मीटरांवर व दुसरा १०० मीटरांवर धरा. प्रत्येक अंतरांत २० मीटर मिळवून, दिशा न बदलतां, ते बिंदु पुन्हां मांडा. सरळ रेघ वांकडी झालेली दिसेल. यंत्रांत ही चूक सुधारण्याची सोय असते. रेघ सरळ होईपर्यंत ती फिरवावी.

दुसरी पारख दिशेची. स्वच्छ हवेंत, दोनेक मैलांवरच्या एखाद्या एकाकी बोयाकडे नौकेची नाळ डोळ्यांनीं नेमकी रोखावी. पडद्यावर तो बोया नाळेच्या रेघेवरच दिसला पाहिजे. तीन अंश बाजूला दिसला तर ‘तीन अंशांनीं काय होतें’ असें म्हणूं नये: सहा सागरी मैलांवर त्याचे सुमारें ५८० मीटर होतात. समोरून येणारें जहाज डाव्या बाजूनें जाईल कीं उजव्या, हा निर्णय तेवढ्यानें उलटा होऊं शकतो.

तिसरी पारख लाटांची व पावसाची. खवळलेल्या समुद्राच्या लाटाहि लहरी परतवितात, आणि पडद्याच्या मध्याभोंवतीं ठिपक्यांचा गालिचा पसरतो. तो पुसण्यासाठीं बटण असतें. उतावळा मनुष्य तें शेवटपर्यंत फिरवितो. पडदा स्वच्छ, सुंदर दिसतो, आणि त्याबरोबर कोळ्याची लांकडी होडीहि पुसली जाते. लांकूड लहरी फार क्षीणपणें परतवितें. म्हणून थोडा गालिचा राहूं द्यावा. होडीवाल्यानेंहि धातूचे पत्रे काटकोनांत जोडून केलेला परावर्तक काठीवर टांगावा. त्यावर आपटलेली लहर आली त्या दिशेसच जोरानें परत जाते.

टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत, रडारच्या अपुऱ्या माहितीवरून अनुमान बांधूं नये असें स्पष्ट सांगितलें आहे, आणि डोळ्यांनीं व कानांनीं पाहारा ठेवण्याचें बंधन यंत्र असलें तरी सुटत नाहीं. यासाठींच जाणता तांडेल उन्हाच्या दिवशींहि रडार चालू ठेवितो. डोळ्यांस दिसणारें दीपगृह, बोया, होडी पडद्यावर कोठें उमटतात हें तो ताडून पाहतो, आणि कोणत्या बाजूस छाया आहे व कोणती होडी किती मैलांवर दिसूं लागली, हें वहींत टिपून ठेवितो.