रात्रीचा पहारेकरी

(इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो शहरात लागला. त्यामुळे मधुमेहाच्या असंख्य रुग्णांना जीवदान मिळाले. पण इन्सुलिन किती घ्यायचे, हा हिशेब रुग्णालाच रात्रंदिवस करावा लागे. हा हिशेब यंत्रावर सोपवण्यासाठी काही सामान्य माणसांनी केलेल्या धडपडीची हकीकत या पाठात सांगितली आहे.)

अमेरिकेतील डेना लुईस हिला वयाच्या चौदाव्या वर्षी मधुमेह झाला. आपल्याकडे घरोघरी या आजाराला ‘शुगर’ म्हणतात. पण आजी-आजोबांना उतारवयात होते ती शुगर वेगळी आणि डेनाची वेगळी. डेनाच्या शरीरात इन्सुलिन तयार होणेच बंद पडत चालले होते. इन्सुलिन नसले की साखर रक्तातच साठत राहते. म्हणून ते रोज बाहेरून घ्यावे लागते. कमी पडले तर साखर वाढते. जास्त झाले तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. आणि हे झोपेत घडले तर?

हीच भीती डेनाला छळत असे. ती सिअ‍ॅटल शहरात एकटीच राहत होती. तिच्या कमरेला इन्सुलिनचा छोटा पंप होता. एका बारीक नळीतून तो थोडे थोडे इन्सुलिन शरीरात सोडी. तिच्या कातडीखाली एक सेन्सरही होता. तो दर ५ मिनिटांनी साखर मोजून आकडा दाखवी आणि साखर घसरली की गजर वाजवी. पण डेनाची झोप इतकी गाढ की तो गजर तिला ऐकूच येत नसे! गजराचा आवाज वाढवा, असे तिने यंत्र बनवणाऱ्यांना सांगून पाहिले. उपयोग झाला नाही.

२०१३ साली तिला वाट सापडली. जॉन कॉस्टिक नावाच्या एका इंजिनिअरच्या मुलाला हाच आजार होता. मुलगा बाहेर असतानाही त्याची साखर आपल्याला दिसावी, म्हणून त्या बापाने सेन्सरमधले आकडे संगणकावर आणण्याची युक्ती शोधून काढली. डेनाने त्याच्याकडून ती मागून घेतली. डेना स्वतः डॉक्टर नव्हती, इंजिनिअरही नव्हती. पण पुढे तिचा पती झालेला स्कॉट लाइब्रँड संगणकाच्या जाळ्यांचा जाणकार होता. दोघांनी मिळून मोठ्याने वाजणारा गजर तयार केला. डेना उठली नाही, तर दूर राहणारा स्कॉट तिला फोन करून उठवी.

मग दोघांनी पुढचे पाऊल टाकले. साखर आता किती आहे एवढेच नव्हे, तर तासाभराने किती होईल, याचाही अंदाज त्यांचा संगणक बांधू लागला. राहिला पंप. त्याला हुकूम कसा द्यायचा? बाजारात काही जुने पंप असे होते की त्यांना रेडिओ लहरींनी बाहेरून हुकूम देता येत असे. खरे तर तो त्या पंपांचा दोष होता. तोच यांच्या उपयोगी पडला! या पंपांशी बोलण्याची भाषा बेन वेस्ट या तरुणाने अनेक वर्षे खपून उलगडली होती. डिसेंबर २०१४ मध्ये सेन्सर, तळहाताएवढा संगणक आणि पंप यांची साखळी पूर्ण झाली. आता दर ५ मिनिटांनी संगणक आकडा वाचत होता आणि पंपाची गती कमीजास्त करत होता.

पण यंत्र चालवण्यापेक्षा यंत्र बंद पडले तर काय, हा प्रश्न अधिक कठीण होता. शरीरात गेलेले इन्सुलिन परत काढता येत नाही. ते काही तास काम करतच राहते. म्हणून त्यांनी आधी बिघाडाचा विचार केला. संगणकाचा प्रत्येक हुकूम फक्त ३० मिनिटांपुरता असे. बॅटरी संपो, रेडिओ तुटो, संगणक अडकून पडो. अर्ध्या तासात पंप आपोआप नेहमीच्या ठरलेल्या गतीवर येई. इन्सुलिनला कमाल मर्यादाही घालून दिलेली होती.

तरी घोटाळे होतच. माणूस सेन्सरवरच कुशीवर झोपला, तर तिथली कातडी दाबली जाते आणि साखर नसताना उतरलेली दिसते. शरीरातील पाणी रेडिओ लहरी अडवते, त्यामुळे पंप अंगाखाली आला की संपर्क तुटतो. सर्वांत फसवा बिघाड नळीचा. कातडीखाली नळी दुमडली की इन्सुलिन आत जात नाही. संगणकाला हे कळत नाही. त्याला दिसते ती फक्त वाढणारी साखर; तो बिचारा अधिक इन्सुलिनचा हुकूम देत बसतो! अशा वेळी बोटाला टोचून साखर तपासायची आणि नळी बदलायची, हे काम माणसालाच करावे लागते.

२०१५ साली डेना आणि तिच्या सोबत्यांनी आपली सारी कृती जगासाठी खुली केली. तयार यंत्र मात्र त्यांनी कुणाला दिले नाही, कारण सरकारी मंजुरीशिवाय असे यंत्र वाटता येत नाही. ज्याला हवे त्याने वाचावे, समजून घ्यावे आणि स्वतःसाठी स्वतः जोडावे, असा त्यांचा रिवाज होता. धोका नव्हता असे नाही. अशाच मंजुरी नसलेल्या साधनांमुळे एका रुग्णाला जादा इन्सुलिन गेले, तेव्हा २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने लोकांना सावध केले. (मुलांनो, हे वाचून घरातल्या कुणाच्या औषधाला हात लावू नका!)

पुढे न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी या पद्धतीची रीतसर परीक्षा घेतली. तिचा निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. ९७ रुग्णांपैकी काहींना हे यंत्र दिले होते, तर इतरांना साधा पंप आणि सेन्सर. यंत्रवाल्यांची साखर इतरांपेक्षा दिवसाला सुमारे ३ तास २१ मिनिटे जास्त वेळ योग्य मर्यादेत राहिली. रात्री तर हा फरक अधिक ठळक होता. आता मंजुरी मिळालेली अशी यंत्रे कंपन्याही विकतात. नळी मात्र दर दोन-तीन दिवसांनी आपल्याच हाताने बदलावी लागते.

शब्दार्थ
पहारेकरी – राखण करणारा. उतारवय – म्हातारपण. खपणे – खूप कष्ट करणे. घोटाळा – गोंधळ, गडबड. रीतसर – नियमाप्रमाणे.

स्वाध्याय
१. डेनाला रात्रीची भीती का वाटे?
२. संगणकाचा हुकूम ३० मिनिटांपुरताच का ठेवला होता?
३. नळी दुमडल्यावर संगणक काय करतो? का?
४. डेनाने तयार यंत्र वाटायला हवे होते का? तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : हुकूम देणे, घाम फुटणे, सावध करणे.