उंच चढवायचे की लांब पोहोचवायचे?
बांधकामावरील दोन यंत्रांची ओळख



गोठा, गोदाम, सोसायटीची इमारत, नाही तर पाणीपुरवठा संस्थेचे पंपघर. आपल्या भागात बांधकाम कुठे ना कुठे चालूच असते. २०१९ च्या ऑगस्टमधला आणि २०२१ च्या जुलैमधला पंचगंगेचा महापूर पाहिल्यावर नदीकाठचे नवे काम उंच जोत्यावर घ्यावे, हे कुणी सांगायला नको. पण जोते उंच झाले की माल वर चढवायचा प्रश्न येतो. गडी मिळत नाहीत, म्हणून आपण यंत्र भाड्याने आणतो. ते कोणते आणावे, एवढेच या पाठात पाहू.

रफ टेरेन फोर्कलिफ्ट : गोदामातल्या फोर्कलिफ्टचाच हा रांगडा भाऊ. मोठी, खाचांची चाके आणि जमिनीपासून उंच अंग, त्यामुळे खडबडीत रानातही चालते. पुढच्या उभ्या खांबावर दोन काटे सरळ वर-खाली होतात. माल मात्र चाकांच्या अगदी पुढ्यातच राहतो.

टेलिहँडलर : याला खांबाऐवजी दुर्बिणीसारखा आतून बाहेर सरकणारा लांब हात असतो. तो वरही जातो आणि पुढेही. ब्रिटनच्या जेसीबी कंपनीने १९७७ साली 'लोडॉल' नावाने असे यंत्र बाजारात आणले. आपल्याकडे ज्याला 'जेसीबी' म्हणतात ते खोदाईचे यंत्र वेगळे.

मुख्य धडा : भरलेली घागर छातीशी धरली तर चालता येते. तीच हात लांब करून धरा, दोन पावलांत तोल जातो. घागर तीच, पण वजन अंगापासून लांब गेले. टेलिहँडलरचेही तसेच आहे. '३ टनांचे यंत्र' म्हणजे हात आखडलेला असताना ३ टन. हात पुढे लांबवला की तेच यंत्र १ टन किंवा त्याहूनही कमी पेलते. किती लांबीला किती वजन, याचा तक्ता चालकाच्या केबिनमध्ये असतो. तो पाहिल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये.

हिशेब करून पाहू : समजा, सिमेंटची २४० पोती, म्हणजे १२ टन माल हलवायचा आहे. ट्रकजवळून शेडमध्ये न्यायचा असेल, तर एका वेळी ४० पोती, म्हणजे ६ खेपा. इथे फोर्कलिफ्ट पुरते. पण तोच माल चराच्या पलीकडे, स्लॅबच्या आतल्या बाजूला ठेवायचा असेल, तर फोर्कलिफ्ट पोहोचतच नाही. टेलिहँडलर पोहोचते, पण तक्त्याप्रमाणे समजा १५ च पोती घेता आली, तर १६ खेपा होतात. म्हणून नुसता तासाचा दर विचारू नये. एकूण खेपा आणि तास धरून हिशेब मांडावा.

निवड अशी करावी :
१) माल फक्त उतरवायचा, रचायचा, सरळ वर द्यायचा असेल तर फोर्कलिफ्ट.
२) मध्ये चर, भिंत किंवा जोते आडवे येत असेल, वरच्या मजल्यावर आत माल ठेवायचा असेल तर टेलिहँडलर.
३) पाइप टांगून चरात सोडायचे असतील, तर हुकाचे अधिकृत जोडसाधन आणि त्याचा वेगळा तक्ता मागावा. काट्याला दोर बांधून पाइप लोंबकळत ठेवणे धोक्याचे.

सावधगिरी : काळी माती वरून वाळलेली दिसली तरी आत ओल असते. एक चाक खचले की उंच हात एका बाजूला झुकतो आणि यंत्र उलटते. म्हणून जागा सपाट करून, मुरूम दाबून घ्यावा. चर जितका खोल, निदान तितके अंतर काठापासून सोडावे. माती भुसभुशीत असेल तर जास्तच. हात उंचावलेला ठेवून यंत्र पळवू नये. काट्यांवर माणूस चढवू नये, मग काम कितीही घाईचे असो. उचललेल्या मालाखाली कुणी उभे राहू नये.

आपल्या संस्थेने यंत्र ठरवण्याआधी संचालकांनी आणि गवंड्याने टेप घेऊन जागेवर जावे. किती वजन, किती उंच, किती लांब, हे तीन आकडे कागदावर लिहावेत आणि मगच यंत्रवाल्याशी बोलावे. भाडे सगळ्या सभासदांच्या पैशातून जाते आणि यंत्राशेजारी काम करणारी पोरंही आपल्याच गावची असतात.