कामाचा संग्रह आणि नोकरीचा अर्ज

तळ्यांचे व वाड्यांचे गाव अशी पनवेलची जुनी ओळख आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि या गावाच्या शेजारी नवी मुंबई आकारास येऊ लागली. आज नवीन पनवेल येथे वास्तुकलेचे महाविद्यालय असून तालुक्यातील अनेक मुले-मुली वास्तुरचना, अंतर्गत सजावट व उपयोजित कला या शाखांकडे वळत आहेत. शिक्षणानंतरचा पहिला अडसर मात्र बहुधा अर्जाचाच असतो.

इतर नोकऱ्यांत गुणपत्रिका प्रथम पाहिली जाते. रचनाकाराच्या कार्यालयात प्रथम पाहिला जातो तो उमेदवाराच्या कामाचा संग्रह, म्हणजेच पोर्टफोलिओ. वास्तुकलेच्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यालयीन प्रशिक्षणाचा समावेश असल्याने हा संग्रह पदवीपूर्वीच सिद्ध करावा लागतो.

संग्रह कसा असावा?

पाच वर्षांतील सर्व कामे त्यात कोंबू नयेत. चार-पाच निवडक कामे पुरेशी होत. प्रत्येक कामाचा प्रश्न काय होता, जागा कोणती होती आणि उत्तर कसे सुचले, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे. संगणकावर रंगविलेल्या चित्राबरोबरच नकाशा, छेदचित्र व हाताची कच्ची रेखाटनेही द्यावीत. कारण विचार कसा घडत गेला, हे त्यांतूनच कळते. मोठे कागद दिवसाच्या सौम्य उजेडात सरळ समोरून छायाचित्रित करावेत आणि सर्व पाने एकाच पीडीएफमध्ये क्रमवार जोडावीत.

अर्ज एका पानाचा असावा. त्या कार्यालयाची कोणती कामे आपण पाहिली आणि आपणांस तेथे काय शिकावयाचे आहे, हे त्यात स्पष्ट लिहावे. एकच मजकूर पन्नास ठिकाणी धाडल्यास तो ओळखू येतो.

सचोटीचे दोन नियम

पहिला नियम श्रेयाचा. गटाने केलेल्या कामात आपला वाटा कोणता, हे नमूद करावे. पूर्वीच्या कार्यालयातील आरेखने परवानगीवाचून दाखवू नयेत. दुसरा नियम कायद्याचा. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीसच ‘आर्किटेक्ट’ हे अभिधान लावता येते. नोंदणीपूर्वी अर्जावर नावामागे ‘आर्किटेक्ट’ लिहिणे हा नियमभंग होय. तेथे ‘वास्तुकलेचा विद्यार्थी’ अथवा ‘वास्तुकला पदवीधर’ असेच लिहावे.

शिक्षक व पंचायतींचे साहाय्य

ज्या घरात या व्यवसायाशी कोणाचा परिचय नाही, तेथील विद्यार्थ्यास हे सांगणारे कोणी नसते. अशा वेळी त्याची कुवत कमी नसूनही अर्ज मागे पडतो. चित्रकला शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शालेय वयापासूनच आपली रेखाटने तारीख घालून जपून ठेवण्याची सवय लावावी. ग्रामपंचायतींनाही एक गोष्ट सहज करता येईल. गावातील जुने मंदिर, विहीर, तळ्याचा घाट किंवा शाळेची इमारत मोजून आरेखित करण्यास विद्यार्थ्यांना लेखी अनुमती द्यावी आणि तयार आरेखनाची एक प्रत दप्तरी ठेवावी. पुढे दुरुस्तीच्या वेळी ती पंचायतीच्या उपयोगी पडेल. विद्यार्थ्याच्या संग्रहातही स्वतः मोजलेल्या, स्वतः पाहिलेल्या वास्तूचे एक अस्सल पान जमा होईल.