उशाशी हॉप्स

अगं, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, ती हॉप्सची गोळी सुरू करू का गं?" आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला. रात्री वाटलं, चुकलंच आपलं. तुझा आवाज बसलेला होता. तेव्हा आता नीट ऐक.

म्युनिकमधला माझा पहिला नोव्हेंबर असाच गेला होता. साडेचारला अंधार, आणि पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. आईला सांगितलं असतं तर तिचीही झोप उडाली असती. मग हॉप्सच्या गोळ्यांची एक महागडी बाटली मागवली. 'शांत झोप, प्रसन्न मन' असं तिच्यावर ठळक छापलेलं होतं. महिनाभर घेतली. झोप जरा लवकर लागायला लागली. ती गोळीमुळे की दहाला दिवा मालवायला लागले म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. मन मात्र होतं तिथेच होतं.

नंतर ऑगस्टअखेरीस हालरटाऊला, हॉप्सच्या शेतांत गेले, काढणीच्या दिवसांत. सात-सात मीटर उंच तारांवर चढलेले वेल आणि त्यांना लटकलेली कागदासारखी हिरवी बोंडं. एक बोंड चिमटीत चुरडलं, तर आत पाकळ्यांच्या मुळाशी पिवळीधमक चिकट भुकटी. बोटं हळदीत बुडवल्यासारखी झाली. जिभेला लावली आणि काडेचिराईत आठवलं! ती भुकटी म्हणजे ल्युपुलिन. बिअरला कडवटपणा देणारी तीच आणि झोपेच्या गोळीतल्या अर्काचा जीवही तीच. हॉप्स भांगेच्या कुळातलं आहे, पण नशा येत नाही, ती भीती नको. आणि बिअरमध्ये हॉप्स असतात म्हणून रात्री एक ग्लास, असं मात्र करू नकोस. दारूने डोळा लागतो खरा, पण मध्यरात्रीनंतरची झोप मोडते.

इकडे हॉप्स भरलेल्या उशीवर झोपायची जुनी पद्धत आहे. युरोपच्या औषध संस्थेनेही हलक्या ताणासाठी आणि झोपेसाठी हॉप्स मान्य केलंय, पण कशाच्या आधारावर, ते बघ. चाचण्यांच्या पुराव्यावर नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरावर. बऱ्याचशा अभ्यासांत हॉप्स एकटं नसतंच, जोडीला बाल्ड्रियान असतं, म्हणजे आपल्या तगरीची युरोपातली बहीण. मग गुण कुणाचा म्हणायचा?

मनाबद्दल ग्रीसमधला २०१७चा एक अभ्यास आहे. ३६ तरुण-तरुणींना चार आठवडे हॉप्सचा अर्क दिला. उदासी, चिंता, ताण कमी वाटतो असं त्यांनी सांगितलं. आशा वाटावी असं आहे, पण माणसं किती थोडी! आणि ती एरवी धडधाकट होती. उलट ब्रिटनमधल्या वनौषधींच्या जुन्या संदर्भग्रंथांत, नैराश्य असलेल्याला हॉप्स देऊ नये असं बजावलेलं आहे. बाटलीवर हे कुणी छापत नाही, म्हणून मी सांगतेय.

आणखी एक, बायकांसाठी महत्त्वाचं. हॉप्समध्ये इस्ट्रोजेनसारखं काम करणारं एक द्रव्य असतं, वनस्पतींमधल्या अशा द्रव्यांत फार जोरकस. म्हणून दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, किंवा स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. झोपेची किंवा चिंतेची दुसरी गोळी चालू असेल तर तिच्यासोबतही नाही. गुंगी वाढते.

नुसती झोपच उडाली असती ना, तर मी म्हटलं असतं, घे, दोन-तीन आठवडे घेऊन बघ, औषधाच्या दुकानातली घे, अर्काचं प्रमाण लिहिलेली. पण तू म्हणालीस, जेवावंसं वाटत नाही, आंघोळीचाही कंटाळा येतो, रविवारभर पडदे उघडले नाहीत. राणी, हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय. हे त्या कडू बोंडाच्या आवाक्यातलं नाही. मीही शेवटी डॉक्टरांकडेच गेले. त्यांनी आधी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासलं, मग पाऊण तास नुसतं ऐकून घेतलं. त्या पाऊण तासात मी किती रडले असेन! आणि मरून जावंसं वाटलं, एकदा जरी, तर वेळ घेत बसू नकोस. त्या क्षणी मला उठव, इमर्जन्सीत जा.

उद्या आठला त्या डॉक्टरांचा फोन सुरू होतो. जर्मन बोलायचं दडपण येत असेल तर मला जोडून घे, मी बोलते. तोवर ते पडदे तेवढे उघड गं.