ठेवणीची पेटी

जुन्या घरांतील फडताळात पुष्कळदा एक लहानशी लाकडी पेटी आढळते. तीत पणजीची नथ असते, आजोबांची पत्रे असतात, जमिनीचा एखादा जीर्ण कागद असतो. घरातील माणसे बदलतात. पेटी मात्र आपल्या जागी असते. तीन पिढ्यांचा ठेवा सांभाळणारी ही पेटी सुताराने कशी घडविली असेल, हा विचार मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो.

पेटीच्या कामात करवतीआधी धीर लागतो. ओले लाकूड वाळताना आक्रसते, वाकते आणि तडकते. म्हणून कापलेल्या फळ्या सावलीत, मध्ये बारीक पट्ट्या ठेवून रचतात. म्हणजे वारा सर्व बाजूंनी खेळतो. इंचभर जाडीच्या फळीला साधारण एक वर्ष द्यावे, असा जुना ठोकताळा आहे. साग या कामास विशेष चांगला. त्याच्या अंगी उपजत तेल असल्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेस जात नाही.

फळी वाळली, तरी तिचे चलनवलन थांबत नाही. आषाढात हवेतील ओल शोषून ती फुगते, कोरड्या दिवसांत पुन्हा आक्रसते. हा फरक फळीच्या लांबीत नगण्य असतो, रुंदीत मात्र चांगलाच जाणवतो. हे ज्यास ठाऊक नाही, तो पेटीचा तळ चहूबाजूंनी खिळ्यांनी जखडून टाकतो. मग तळ तरी तडकतो, नाहीतर कोपरे तरी उकलतात. जाणता सुतार बाजूच्या फळ्यांना आतून खाच पाडतो आणि तळाची फळी सरस न लावता तीत बसवितो. खाचेत किंचित मोकळी जागा राखलेली असल्यामुळे फळी फुगली तरी भिंतींस रेटत नाही, आणि आक्रसली तरी फट दिसत नाही.

कोपऱ्यांची रीत निराळी. तेथे कबुतराच्या शेपटीप्रमाणे टोकाकडे रुंद होत जाणारे दात कापून एकमेकांत गुंतवितात. रुंद टोक अरुंद जागेतून निसटू शकत नाही. म्हणून असा जोड ओढला असता सुटत नाही. दात कापताना गुण्या लावून रेघ आखावी लागते आणि करवत रेघेच्या बाहेरून चालवावी लागते. उरलेले केसभर लाकूड धारदार पटाशीने काढता येते. अधिक कापले गेलेले लाकूड मात्र परत आणता येत नाही.

सावंतवाडीच्या गंजिफांची पेटी प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफांत विष्णूच्या दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी एकूण १२० गोल पाने असतात. ती ठेवावयाच्या लाकडी पेटीवर चितारी चित्रे व वेलबुट्टी रंगवितात. तिचे झाकण खाचेतून सरकते. अशा झाकणाचे मापही ऋतू पाहून घ्यावे लागते. उन्हाळ्यात बसविलेले झाकण जरा सैल ठेवावे, कारण पावसाळ्यात ते फुगणारच. छापील पत्त्यांच्या प्रसारामुळे विसाव्या शतकात ही कला मावळू लागली होती. तेव्हा १९७० नंतरच्या दशकात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिला आपल्या राजवाड्यात आश्रय दिला. त्यामुळे ती तगली.

पेटी पुरी झाली की रंग डोळ्यांत भरतो, नक्षीची वाखाणणी होते. तळाची खाच मात्र कोणी पाहत नाही. ती काळजीपूर्वक पाडली होती की घाईने, हे पुढे अनेक पावसाळे गेल्यावर कळते. त्या दिवशी घरातील एखादी मुलगी ओलसर हवेत पेटी उघडते. झाकण अलगद सरकते, आणि आतील पत्रे जशीच्या तशी हाती येतात. शाबासकी घ्यावयास सुतार त्या वेळी तेथे नसतो. तो असणार नाही, हे ठाऊक असूनच त्याने ती खाच नीट पाडलेली असते.