आधी पऱ्हाट्या, मग प्रेस

बघ गं, पऱ्हाट्यांपासून भिंतीचे बोर्ड करायच्या यंत्रांच्या किमती ऐकून तुझी झोप उडाली आहे ना? गरम प्रेसचं आपण अगदी शेवटी बघू. आधी तुझ्या हाताशी कोरड्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या हव्यात.

खरं सांगू का, काडीची भिंत आपल्या जळगाव-धुळ्याला नवी नाहीच. तुराट्या-पऱ्हाट्यांचे कूड, वरून शेणमातीचा लेप, अशा घरांत माणसं पिढ्यानपिढ्या नांदली. माटुंग्याला १९२४ पासून कापसावर काम करणारी संस्था आहे, सिरकॉट. तिथल्या शास्त्रज्ञांनी पऱ्हाटीचे पार्टिकल बोर्ड करून दाखवलेत. पऱ्हाटी लाकडाच्या जवळची, म्हणून जमतं. तुकडे करायचे, वाळवायचे, चाळायचे, रेझिन लावून पसरायचे आणि गरम प्रेसखाली दाबायचे.

चाळायचा कंटाळा करू नकोस हं. माती आणि सालीचा भुसा महागडं रेझिन पिऊन टाकतो आणि बोर्ड कच्चा निघतो. तुकडे ओले राहिले तर प्रेस उघडताना आतली वाफच बोर्ड फोडते. रावेर-यावलच्या केळीच्या खोडांचा मोहही सध्या आवर. त्यात बहुतेक पाणीच, वाळवता वाळवता जीव जाईल तुझा.

खरी धावपळ कापसाची वेचणी संपल्यावर. फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही पीक शेतात राखलं, तर गुलाबी बोंडअळीला आयता आसरा मिळतो, म्हणून शेत लवकर मोकळं करायचं असतं, आणि घाईत काड्या पेटवल्या जातात. त्याआधी तू बांधावर पोच. बोंडं लटकलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग मात्र रचून ठेवू नकोस, अळी त्यातच लपते. गावातच श्रेडर लावून लगेच तुकडे कर, वाहतूकही परवडेल. आणि घाबरू नकोस गं, बोर्डाचं जमेपर्यंत हेच तुकडे जळणाच्या ब्रिकेट करणारे घेतात. पहिलं वर्ष नुसते तुकडे विकलेस तरी चालेल मला!

पुढे बोर्ड केलेस, की ते घरातल्या आडभिंतीसाठी आणि छताच्या आतल्या बाजूसाठीच विक. युरिया फॉर्मल्डिहाइड रेझिनचा बोर्ड पाण्यानं फुगतो. न्हाणीघराला किंवा पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला तो देऊच नकोस, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. उधईसाठी प्रक्रिया हवी, आणि रेझिनच्या वाफा डोळ्यांना झोंबतात, म्हणून शेड हवेशीरच बांध. पार्टिकल बोर्डाच्या आयएस ३०८७ या मानकाप्रमाणे नमुना तपासून घेतल्याशिवाय एकही बोर्ड बाहेर जाता कामा नये, ऐकलंस?

आणि काड्या वजनावर घे, ट्रॉलीवर नको. ट्रॉली भरलेली दिसते, पण आत बरीचशी हवाच असते.