टाक्यांची घाई

माझा धाकटा भाऊ शेतातून परतताना मोटारसायकलवरून पडला. उजव्या पायाची नडगी मोडली आणि हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं. जखमेत माती गेली होती. जवळच्या दवाखान्यात मी डॉक्टरांच्या मागेच लागलो, "आधी टाके घाला, आईला हा पाय दाखवू कसा?" जखम वरवर धुऊन टाके पडले, वर प्लास्टर चढलं. माझा जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी त्याला सणकून ताप भरला, प्लास्टरला घाण वास येऊ लागला. मोठ्या रुग्णालयात टाके उसवले, तर आत पू साचलेला. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. जखमेत राहिलेल्या मातीवर, चेंगरून मेलेल्या मांसावर जंतू पोसतात. वरून तोंड शिवलं की घाणीला वाट उरत नाही. सूज वाढली की टाक्यांना ताण बसून कातडीही मरते. नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर मांस नसतं, नुसती कातडी असते. त्यामुळे तिथे धोका जास्त.

पुढे तीनदा भूल देऊन जखम साफ केली, हाडाला बाहेरून फ्रेम लावली. प्लास्टिक सर्जननी पोटरीचा स्नायू वळवून हाड झाकलं, त्यावर मांडीची कातडी लावली. धड चालायला त्याला वर्ष लागलं.

म्हणून सांगतो. बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका. जखमेत हळद, कॉफी, तंबाखू भरू नका. स्वच्छ कापडाने झाका, रक्त वाहत असेल तर हाडावर न दाबता बाजूने दाब द्या, पाय फळीला बांधा, 108 ला फोन करा. भूल द्यावी लागेल, तेव्हा चहापाणी पाजू नका. अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासाभरात सुरू व्हावं, धनुर्वाताचं इंजेक्शनही विसरू नये.

डॉक्टरांना विचारायचं ते हे : जखम भूल देऊन, भरपूर सलाइनने धुतली का? मेलेलं मांस काढलं का? छोटी, स्वच्छ जखम नीट साफ झाल्यावर त्याच दिवशी शिवता येते. मोठी किंवा मळलेली जखम पट्टीखाली उघडी ठेवून दोन दिवसांत पुन्हा तपासतात आणि ती स्वच्छ झाली की शक्यतो आठवड्याच्या आत झाकतात. प्लास्टिक सर्जन लागणार असेल तर पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

भावाच्या वॉर्डात एक बाप "जखम उघडीच ठेवलीय" म्हणून डॉक्टरांवर चिडला होता. मी त्याला भावाच्या खाटेपाशी नेलं आणि पाय दाखवला.